उतराई

विश्रामबागच्या अभ्यासिकेत बत्तीस खुर्च्या.
एकतीस जण एमपीएससीचे.
बत्तिसावी मी, पंख्याखाली, डुगडुगत्या पायाची.
शेजारचा ऋतुराज माळी विचारतो, कुठली पोस्ट?
मॅथमॅटिकल फायनान्स, एम. एस्सी., दुसरं वर्ष.
हां, बँकेचं.
मी म्हणते, हां.

वहीत आज एक भाव आहे
जो सलग चालतो, कुठं तुटत नाही,
आणि कुठल्याच बिंदूला त्याला स्पर्शरेषा नाही.
सरांनी पाण्यातल्या परागकणाचं उदाहरण दिलं होतं.
परागकण मी पाहिला नव्हता.
मी मार्केट यार्डातलं सकाळचं ऊन आठवलं,
पोतं आपटलं की हवेत जे पिवळं थरथरत राहतं
ते,
त्यातला एक कण धरला डोळ्यानं
आणि हरवला.

ऑप्शन म्हंजे काय गं, आप्पांनी विचारलं.
पुढच्या चैत्रात, आज ठरल्या भावानं माल उचलायचा हक्क.
उचललाच पाहिजे असं नाही.
त्या हक्काचे पैसे मात्र आजच मोजायचे.
आप्पा हसले. तेजी लावायची म्हण की.
शेट लावायचे. नजराणा गेला तर गेला.
एवढ्याला दोन वरसं?
म्हटलं, नजराणा नेमका किती, ते काढायला दोन वर्षं.
शेट रुमालाखाली काढायचे, म्हणाले,
आणि भाकरीकडं वळले.

माझ्या जन्माआधी आप्पा हरिपुरात
हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड एका माणसापुरतं, पोट अख्ख्या घराएवढं,
आत राजापुरी, वर्षभर अंधारात मुरलेली.
पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही.
उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा.
"कंदील इजला, तर मानूस न्हाई सोडायचा.
एवढंच शास्तर."
माझ्या दुसऱ्या प्रकरणात हेच आहे:
आत्तापर्यंत जे कळलं तेवढ्यावरच ठरवायचं
थांबायचं की नाही.
पुढं डोकावायची मुभा नाही.
थांबायच्या त्या वेळेला तिथं एक ग्रीक अक्षर दिलंय.
त्याला काच नाही, वात नाही.

उतरणाऱ्याला हमालीवर थोडे जास्त मिळायचे.
आप्पा त्याला उतराई म्हणायचे
आणि ती वेगळी ठेवायचे, पोस्टात.
पुढं महापूर आला.
पाणी पेवात उतरलं, कंदील न सोडता.
पेवं बुजली. आप्पा कोल्ड स्टोरेजला लागले,
तिथं थंडीचे जादा कुणी देत नाही.
पुस्तक पोस्टात राहिलं.
मागच्या जूनमध्ये माझी फी त्यातून गेली.

काल रात्री सहावं प्रकरण:
संभाव्यतेचं माप बदला.
अशा जगात जा
जिथं भीतीचे जादा पैसे कुणी मागत नाही, कुणी देत नाही.
तिथं भावाची स्वतःची ओढ गळून पडते,
राहतं नुसतं व्याज आणि थरथर,
आणि किंमत चार ओळींत निघते.
तीच किंमत इथंही खरी, म्हणे.
मी सिद्धता तीनदा तपासली.
खरी आहे. एक चिन्हसुद्धा चुकलेलं नाही.

तरी त्या जगातही आप्पा उतरतातच.
खाली तीच उष्ण, जड हवा,
वर दोरी धरणाऱ्याइतकीच मजुरी,
आणि पोस्टातल्या पुस्तकाची पानं
माझ्या वहीच्या मागच्या पानांसारखी.

परवा पेपर. उद्या दुपारची पुण्याची गाडी.
निघताना मी विचारलं, आप्पा, ती उतराई
ठरायची कशी? किती?
त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला.
खालून तीन बोटं दाबली,
मग चौथ्याचं अर्धं पेर.
साडेतीन, मी म्हटलं. साडेतीन काय?
ते टॉवेल झटकत
दोरीकडं गेले होते.